दुपारी तीनला स्टॉलवर हातपाय गळतात तेव्हा: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं

कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे कॉमिक्स, चित्रं, वेशभूषा यांच्या चाहत्यांच्या मोठ्या मेळाव्यात, स्टॉल लावणाऱ्याची उपासमार सहसा पोटातून बोलत नाही. ती भलत्याच ठिकाणी दिसते, म्हणून ओळखायला उशीर होतो. गेली कित्येक वर्षं मी हाताने छापलेले लिनोकट प्रिंट (लिनोलियमवर कोरून कागदावर घेतलेले छाप) आणि शिवलेल्या वह्या विकते. ही एकच तक्रार मी आधी स्वतःची आणि मग आजूबाजूच्या टेबलांवरच्यांची इतक्यांदा सोडवली आहे की आता माणसाचा चेहरा बघून कळतं. खालच्यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर पुढे वाचा.

- सुट्टे पैसे परत देताना साधी वजाबाकी चुकते.
- "हे तुम्हीच काढलंय का?" या प्रश्नाचा राग येतो. सकाळी याच प्रश्नाने बरं वाटलं होतं.
- प्रिंट पाकिटात सरकवताना हात थरथरतो आणि कोपरा दुमडतो.
- खाली वाकून माल काढला आणि उठलात की डोळ्यांपुढे अंधारी येते.
- दुपारनंतर डोकं ठणकतं, आवाज बसतो.
- हॉल बंद झाल्यावर एकदम खा-खा सुटते. रात्री पोट जड, झोप नाही, सकाळी भूक नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच चक्र.
- डबा जसा नेला तसा भरलेला घरी येतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं लक्षण. एका शनिवारी तीनच्या सुमाराला एका मुलीने माझे तीन प्रिंट घेतले आणि मोठी नोट दिली. मी परत द्यायचे पैसे मोजले, चुकले. पुन्हा मोजले, पुन्हा चुकले. तिसऱ्या वेळी तिनेच हळूच बरोबर आकडा सांगितला. ती गेल्यावर टेपचा रोल काढायला खाली वाकले आणि उठताना टेबलाची कड धरावी लागली. टेबलाखाली रिकाम्या खोक्यांच्या मागे सकाळी भरलेला डबा होता. त्याच्या झाकणाचं रबरसुद्धा निघालेलं नव्हतं. सकाळी सातपासून मी अर्धा कप कॉफीवर उभी होते.

तेव्हापासून मी हा बिघाड वेगळ्या नजरेने बघते. खाणं जवळ असतं, पण खायची पाळी येत नाही. समोर गिऱ्हाईक असतं, नसलं तर येईल असं वाटतं, आणि आपल्या हाताने केलेल्या वस्तूसमोर थांबलेल्या माणसाला "दोन मिनिटं थांबा" म्हणायला जीभ उचलत नाही. म्हणून नवा डबा, नवी पिशवी, नवे पदार्थ विकत घेण्याआधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या काहींना पैसे लागत नाहीत, आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

पहिली तपासणी: पाणी

बाटली हातात घ्या आणि किती उरलंय बघा. दुपारी एकला ती अजून गळ्यापर्यंत भरलेली असेल तर डोकेदुखीचं आणि बसलेल्या आवाजाचं कारण आधी तिथे शोधा. हॉलमध्ये दिवसभर बोलावं लागतं, तेही गोंगाटावर आवाज चढवून. वातानुकूलित हवा कोरडी असते, त्यामुळे घाम जाणवत नाही आणि तहानही लक्षात येत नाही. लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद असेल किंवा सकाळपासून जावंच लागलं नसेल तर पाणी कमी पडतंय.

आता यातली खरी अडचण. बरेच जण पाणी मुद्दाम कमी पितात, कारण प्यायलं की स्वच्छतागृहात जावं लागणार आणि टेबल सोडावं लागणार. वेशभूषा करून बसणाऱ्यांत हे फारच दिसतं. पूर्ण पोशाख उतरवायला वीस मिनिटं लागत असतील तर माणूस सकाळीच ठरवून टाकतो की आज पाणी नको. तुमचं असं होत असेल तर बाटली बदलून काही फरक पडणार नाही. थेट पाचव्या तपासणीवर जा आणि आधी टेबल सोडायची सोय करा.

बाकीच्यांनी एवढंच करावं: बाटली पिशवीतून काढून खुर्चीच्या पायाशी, उजव्या हाताला ठेवावी आणि दर दोन-तीन गिऱ्हाइकांनंतर दोन घोट घ्यावेत. बाटली टेबलावर ठेवू नका. उघड्या झाकणाची बाटली आणि कागदावरची कला एका पातळीवर आली की कधीतरी कोणाचं तरी कोपर लागतंच. माझ्या शेजारच्या टेबलावर जलरंगातली आठ मूळ चित्रं अशीच गेली. त्या चित्रकाराचा चेहरा मी अजून विसरलेली नाही.

दुसरी तपासणी: डबा नेमका कुठे आहे

खुर्चीवर बसा, डोळे समोर ठेवा आणि एका हाताने खाणं काढून बघा. उठावं लागलं, चेन उघडावी लागली, खोकं सरकवावं लागलं तर ते खाणं दिवसभरात तोंडात जाणार नाही. हे मी अगदी खात्रीने सांगते. मांडणीच्या वेळी डबा आधी आत जातो आणि त्याच्यावर रिकामी खोकी रचली जातात, म्हणून तो सगळ्यात मागे राहतो.

उपाय असा: टेबलाची मांडणी कागदावर काढता तेव्हा प्रिंट, स्टिकर, पैशांची पेटी यांच्याबरोबर खाण्याचीही जागा काढा. माझ्याकडे टेबलाच्या आतल्या कडेला, कापडाच्या मागे, एक छोटी कापडी पिशवी चिमट्याने लटकवलेली असते. तिच्यात एका वेळचंच खाणं असतं. मोठा साठा खाली राहिला तरी चालतो, पण पुढचे चार घास हाताशी हवेत. ही एकच गोष्ट केल्यावर माझा निम्मा बिघाड गेला.

तिसरी तपासणी: घड्याळ

शेवटचं कधी खाल्लं, हे आत्ता लगेच सांगता येतं का? येत नसेल तर भुकेवर विसंबू नका. गर्दी, आवाज आणि विक्रीचा ताण यात भूक दबते, आणि कळते तेव्हा हात थरथरायला लागलेला असतो. फोनवर गजर लावा, आवाज बंद ठेवून फक्त थरथर चालू ठेवा. मी तीन तासांचं अंतर धरते: हॉल उघडण्याच्या आधी, मग अकरा-साडेअकराला, दोनला आणि पाचला. गजर झाला तेव्हा समोर गिऱ्हाईक असेल तर ते जाईपर्यंत थांबायचं, पण पुढच्याला हाक मारायच्या आधी खायचं. गजर पुढे ढकलायचं बटण मी वापरत नाही.

कन्व्हेन्शनला नेमाने जाणाऱ्यांत ५-२-१ असा एक जुना नियम सांगतात: रोज निदान ५ तास झोप, २ वेळा जेवण, १ आंघोळ. काही जण झोपेचे ६ तास धरतात. नियम चांगला आहे, पण तो फिरायला येणाऱ्यांना जास्त लागू पडतो. त्यांना पाहिजे तेव्हा रांगेतून बाहेर पडता येतं. पहाटे माल उतरवून संध्याकाळी पुन्हा खोकी भरणाऱ्याला दोन जेवणांमधलं दहा-बारा तासांचं अंतर झेपत नाही. म्हणून दोन जेवणं हवीतच आणि त्यांच्यामध्ये थोडं थोडं खाणंही हवं.

चौथी तपासणी: पिशवीत काय आहे

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेकांच्या पिशवीत दोन टोकं दिसतात: एक तर नुसती बिस्किटं आणि चॉकलेट, नाही तर बसून, दोन्ही हातांनी, निवांत खायचं पूर्ण जेवण.

नुसतं गोड खाल्लं की साखर रक्तात लवकर चढते आणि तासा-दीड तासात पुन्हा मरगळ येते. त्याच्या जोडीला प्रथिनं आणि थोडी स्निग्धता असली की पोट सावकाश रिकामं होतं आणि तग धरता येतो. एका केळ्यात साधारण २७ ग्रॅम कर्बोदकं असतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं आणि १७० कॅलरी. ही जोडी उभ्या उभ्या तीन मिनिटांत खाऊन होते आणि दोन-अडीच तास निघतात. एकट्या केळ्याने एवढं होत नाही. खजुराबरोबर बदाम, सफरचंदाबरोबर चीज, ब्रेडला दाण्यांचं लोणी, अशा जोड्या लावत जा. दाण्यांची ॲलर्जी असणारी माणसं गर्दीत असतात, आणि शेजारच्याला ती असू शकते. मांडणीच्या वेळी एकदा विचारून घ्या. असेल तर दाणे आणि बदाम घरीच ठेवा आणि भाजलेले चणे आणा.

पदार्थ निवडताना माझ्या चार अटी आहेत. एका हाताने खाता यावा. मध्येच खाली ठेवला तरी बिघडू नये, कारण ठेवावा लागणारच. वास नसावा. आणि बोटाला तेल लागू नये. या शेवटच्या अटीबद्दल मी फार आग्रही आहे. जाड, न रंगवलेल्या कागदावर तेलकट अंगठा उमटला की लगेच काही दिसत नाही. तासाभराने तेल कागदात मुरतं आणि प्रिंट उजेडासमोर धरला की तिथे अर्धपारदर्शक डाग दिसतो. तो जात नाही. पुसलं तर पसरतो, ओलं केलं तर कागद फुगतो. तळलेलं खाऊन मी एका दुपारी पाच प्रिंट असे घालवले होते.

वासाचंही तसंच. लसूण, मासळी, उकडलेली अंडी पोटाला उत्तम असतील, पण कापड आणि कागद वास धरतात, आणि गिऱ्हाईक तुमच्या अडीच हातांवर उभं असतं. अंडी न्यायचीच असतील तर ती सकाळी हॉल उघडण्याआधी खाऊन टाका.

नवा पदार्थ मात्र कन्व्हेन्शनच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका. पोटाला मानवतो की नाही हे आठवडाभर आधी घरी बघा.

पाचवी तपासणी: टेबल सोडता येतं का

इथेही खर्च नाही, फक्त थोडा संकोच सोडावा लागतो. एकटे बसत असाल तर आदल्या दिवशी मांडणी करतानाच दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोलून घ्या. गर्दी सुरू झाल्यावर ओळख करून घ्यायला वेळ नसतो. मी थेट असं म्हणते: "मी साडेबाराला दहा मिनिटं जाईन, तुम्ही एकला जा. मी तुमचं बघेन, तुम्ही माझं बघा." आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, कारण समोरचाही याच अडचणीत असतो.

शेजाऱ्याने तुमचा माल विकावा अशी अपेक्षा ठेवू नका. त्याने नुसतं लक्ष ठेवायचं आणि आलेल्याला "दहा मिनिटांत येतील" एवढं सांगायचं. पैशांची पेटी तुमच्याबरोबर जाते. मूळ चित्रं, महागाच्या वस्तू आत घ्या, उरलेल्यावर एक चादर टाका आणि पुढे पाटी ठेवा. पाटीवर "लवकरच येते" लिहू नका, परत येण्याची नेमकी वेळ लिहा. माझ्या पाटीवर पुठ्ठ्याचं घड्याळ आहे, त्याचे काटे फिरवता येतात. वेळ दिसली की माणसं परत येतात. नुसतं "लवकरच" वाचून निघून जातात, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

काही कन्व्हेन्शनांमध्ये कलाकारांची टेबलं थोडा वेळ सांभाळायला स्वयंसेवक असतात. आयोजकांनी पाठवलेली नियमपुस्तिका नीट वाचा. बाहेरचं खाणं हॉलमध्ये आणायला परवानगी आहे का, तेही तिथेच कळेल. नसेल तर आयोजकांना आधीच लिहून विचारा. वैद्यकीय कारण असेल तर ते नमूद करा आणि आलेलं उत्तर फोनमध्ये जपून ठेवा. दारावर वाद घालण्यापेक्षा ते उत्तर दाखवलेलं बरं.

खाण्याच्या त्या दहा मिनिटांत टेबलामागे बसून खाऊ नका, हॉलबाहेर जा. टेबलामागे तोंडात घास असला तरी माणसं प्रश्न विचारतात, आणि आपण घास गिळून उत्तर देतो.

हात

हात धुतल्याशिवाय खात असाल तर आजच थांबा. दिवसभर नोटा, नाणी, इतरांचे फोन आणि हस्तांदोलनं या सगळ्यांतून हात जातात. कन्व्हेन्शनहून आल्यावर दोन-तीन दिवसांत सर्दी-खोकल्याने आडवं पडणं इतकं नेहमीचं आहे की बरेच जण ते गृहीतच धरतात. साबण आणि वाहत्या पाण्याने २० सेकंद हात धुणं हाच पहिला उपाय. जंतुनाशक जेल वापरायचंच असेल तर त्यात निदान ६० टक्के अल्कोहोल हवं. तरीही नोरोव्हायरससारख्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूवर ते नीट चालत नाही. धुवायला जाता आलं नाही तर खाणं कागदात धरून खा, बोट लावू नका.

हाताने वस्तू करणाऱ्यांना आणखी एक जोखीम असते. टेबलावर बसून काम करत असाल, रंग लावत असाल, रेझिन घासत असाल किंवा डाग देत (सोल्डरिंग करत) असाल, तर ते काम आणि खाणं एका जागी येऊ देऊ नका. काही रंगद्रव्यांत कॅडमियम असतं, काही डागाच्या तारांत शिसं असतं. बोटांवरून ते घासाबरोबर पोटात जातं. ब्रश चाटून टोक करायची सवय असेल तर तीही सोडा.

कॉफी

कॉफी जेवणाच्या जागी घेताय की जेवणाबरोबर, एवढंच तपासा. कॉफीने शरीरातलं पाणी कमी होतं असं पुष्कळ जण सांगतात, पण बेताच्या प्रमाणात तसं होत नाही. तिचा खरा त्रास निराळा आहे. ती थकवा झाकते, भुकेची जाणीव पुढे ढकलते आणि रात्री झोप खाते. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. चारला घेतलेल्या मोठ्या कपाचा अर्धा अंमल रात्री नऊलाही असतो. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, गरोदर बाईने २०० च्या आत राहावं. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावरचा आकडा वाचा, मग बेरीज करा. मी दुपारी दोननंतर कॉफी बंद करते.

सहावी तपासणी: सोबत नेलेलं खाणं खराब तर होत नाही ना

इथून पुढे थोडा खर्च आणि तयारी लागते. दुपारनंतर मळमळ, पोटात कळ, पातळ शौच असं होत असेल तर भुकेपेक्षा हा संशय आधी घ्या.

नाशवंत अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये राहिलं की जिवाणू झपाट्याने वाढतात. असं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासाची मुदत धरा. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी दोनला उघडला तर सात तास झाले. मांस, अंडी, दूध, चीजचे मऊ प्रकार, शिजवलेली कडधान्यं, कापलेली फळं या सगळ्यांना हा हिशेब लागू होतो.

शिजवलेल्या भाताबद्दल वेगळं सांगते, कारण तो निरुपद्रवी वाटतो. त्यातल्या बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. "घरी जाऊन गरम करून खाईन" हा उपाय इथे चालत नाही. टाकून द्या.

थंड न्यायचं असेल तर आतून अस्तर असलेली पिशवी आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, एक खाली, एक वर, मध्ये डबा. बाटली पाऊणच भरून गोठवा. पाणी गोठताना फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली फुटते. दुपारपर्यंत ते वितळतं आणि प्यायला मिळतं, म्हणून मी वेगळे बर्फाचे पॅक नेत नाही.

गरम न्यायचं असेल तर चांगला निर्वात थर्मास लागतो. आधी त्यात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवा, ते ओतून टाका आणि मग वाफाळतं सूप किंवा पातळ शिजवलेलं अन्न काठापर्यंत भरा. थर्मास अर्धा भरला तर आतली हवा उष्णता खाते. उघडल्यावर वाफ आली नाही, नुसतं कोमट लागलं, तर खाऊ नका.

यातलं काही जमणार नसेल तर अख्खी फळं, सुका मेवा, भाजलेले दाणे, ब्रेड, खाकऱ्यासारखं कोरडं यावर दिवस काढा. ते दिवसभर टिकतं. कोरड्या खाण्यावर दिवस नीट जातो, रात्री मात्र पोटभर गरम जेवा.

सातवी तपासणी: रात्र आणि दुसरा दिवस

पहिला दिवस बरा जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोसळता, असं होतंय का? मग बिघाड आदल्या रात्रीचा आहे. हॉल बंद होतो, खोकी झाकायची, हिशेब लावायचा, कोणीतरी जेवायला बोलावतं, टेबल मिळेपर्यंत दहा वाजतात आणि माणूस दिवसभराची भूक एकाच बैठकीत भागवतो.

निघण्याआधी, टेबल झाकायच्या वेळी, काहीतरी छोटं खाऊन घ्या. मग रात्री हावरेपणा होत नाही. मुक्कामाच्या खोलीत फ्रीज आणि किटली आहे का हे आधी विचारा, आणि पोचल्याच्या दिवशीच दोन सकाळींची न्याहारी आणून ठेवा. माल उतरवायच्या दिवशी सकाळी न्याहारी शोधत फिरायला वेळ नसतो. सकाळी घशाखाली घास उतरत नसेल तर दूध, दही, केळं असं मऊ काही अर्धं खोलीत आणि अर्धं टेबलावर मांडणी करताना खा.

खाणं त्यासाठी लागणाऱ्या पैशांसकट कन्व्हेन्शनच्या खर्चात धरा. टेबलाचं भाडं, छपाई, प्रवास हे सगळे लिहितात. जेवणाची ओळ मी फारच थोड्यांच्या वहीत पाहिली आहे. ती ओळ नसली की विक्री मंद असलेल्या दिवशी माणूस पहिली काटछाट जेवणातच करतो, आणि मंद दिवशी तर आवाजात जीव असणं जास्त गरजेचं असतं.

आठवी, सगळ्यात अवघड: एकट्याचं काम राहिलेलं नाही

वरचं सगळं करूनही दर वेळी हेच होत असेल तर टेबलामागे दुसरा माणूस हवा. सकाळी उघडताना तुमच्यासमोर रांग असते, हातावर लगेच करून द्यायच्या चित्रांची यादी मोठी आहे, चार-चार तास स्वच्छतागृहाला जायला मिळत नाही, ही त्याची खूण. मैत्रीण, भाऊ, दुसरा कलाकार कोणीही चालेल, पण प्रवेशपत्र आधी काढावं लागतं, म्हणून अर्ज भरतानाच ठरवा. त्याचं जेवण तुमच्याकडे, आणि त्याची सुट्टीही आधी लिहून ठेवा, नाही तर उपाशी माणूस फक्त बदलतो. ते शक्य नसेल तर दुपारी एक ते दीड टेबल बंद, असं ठरवून टाका. जागेवर चित्रं काढून द्यायची संख्याही बांधून घ्या. मी दिवसाला सहावर थांबते. सातव्याला टपालाने पाठवण्याचं विचारते, आणि बहुतेक जण हो म्हणतात.

इथे थांबा आणि मदत बोलवा

पुढच्या गोष्टी डब्याने सुटत नाहीत. त्यांत वेळ घालवू नका.

मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थरथर, घाम, गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं समजा. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम लवकर चढणारी साखर घ्या, म्हणजे साधारण अर्धा कप फळांचा रस किंवा चहाचे चार चमचे साखर पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी वर आली नाही तर पुन्हा तेवढीच घ्या आणि कोणाला तरी सोबत बसवा. माणूस गिळण्याच्या स्थितीत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा. तुमच्या खाण्याच्या वेळा कन्व्हेन्शनच्या दिवशी बदलणार असतील तर औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, स्वतः ठरवू नका.

बंदिस्त, गरम हॉलमध्ये किंवा जड वेशभूषेत कोणी असंबद्ध बोलू लागलं, अडखळू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात असू शकतो. पोशाख उतरवा, पाण्याने आणि वाऱ्याने अंग थंड करायला लागा, आणि त्याच वेळी दुसऱ्याला रुग्णवाहिकेसाठी फोन करायला सांगा. पाणी पाजत, बरं वाटायची वाट बघत बसू नका.

छातीत दुखणं, श्वास लागणं, खरोखर बेशुद्ध पडणं, खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, यांत विक्रीचा विचार न करता प्रथमोपचार कक्षाला कळवा. तो कक्ष कुठे आहे हे हॉलमध्ये शिरतानाच बघून ठेवा.

पोट बिघडलं असेल तर मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवा: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. शौचात रक्त, मोठा ताप, पाणीही पोटात न ठरणं, किंवा तीन दिवसांवर जुलाब, यातलं काही असेल तर डॉक्टरकडे जा.

आणि एक गोष्ट सहज बोलली जात नाही. घरी, कामाच्या नसलेल्या दिवशीही जेवण टाळलं जात असेल, खाण्याची भीती किंवा खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल, वजन विनाकारण घटत असेल, किंवा नीट खाऊनही दर वेळी चक्कर येत असेल, तर कन्व्हेन्शनला दोष देऊ नका. डॉक्टरांना भेटा आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा.

पैशांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा: तुमचं नाव, चालू औषधं, ॲलर्जी, आणि ज्याला फोन करायचा त्याचा नंबर. शेजारच्या टेबलाला ती कुठे आहे ते मांडणीच्या दिवशीच दाखवून ठेवा.